खरंखुरं 'माहीत नाही'

वर्गातल्या मुलांनी प्रश्न विचारायचं सोडलं, त्याला यंदा चौथं वर्ष लागलं होतं. म्हणजे विचारत होती, पण ज्योत्स्नाबाईंना नाही. मनात काही आलं की मूल मान थोडी वाकडी करायचं, कानातल्या मण्याला बोट लावायचं आणि ओठातल्या ओठात पुटपुटायचं. खडू हातात धरून फळ्यापाशी उभ्या असलेल्या ज्योत्स्ना तायडे बाईंना नुसते ओठ हलताना दिसायचे. रिसोडच्या त्या शाळेत त्या एकतीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. एके काळी "एकेकानं बोला रे" असं ओरडून त्यांचा घसा बसायचा. आता वर्ग इतका शांत असायचा की बाहेर शिपाई घंटेची दोरी सोडायचा तेही ऐकू यायचं.

घरी गेल्यावरही तसंच. बसस्टँडच्या मागे दोन खोल्या. आई होती तोवर "आज काय शिकवलंस गं?" असं विचारायची. आई जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर बाईंना दिवसातून कुणी प्रश्न विचारायचं ते बहुधा भाजीवाला, आणि तोही एकच: "अर्धा की पाव?"

कानातल्या त्या मण्याचं नाव होतं 'सोबती'. राज्यातल्या आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला तो मिळालेला होता, आणि त्यामागचं डोकं बाईंच्याच एका विद्यार्थ्याचं होतं. डॉ. मयूर सानप. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्यानं अकरा वर्षं एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता: शाळेतलं मूल विज्ञानाकडे का वळतं?

सगळ्यांना वाटायचं की गुणांमुळे, आईबापांच्या पेशामुळे, चांगल्या प्रयोगशाळेमुळे, किंवा पुढे नोकरी मिळते म्हणून. मयूरनं चार लाख मुलांच्या मनगटाला पट्टे बांधले. नाडी, घाम, कातडीचं तापमान यांची नोंद क्षणाक्षणाला होत होती. डोळ्यांची बाहुली किती रुंदावते ते टॅबलेटचा कॅमेरा टिपत होता. मुलाचं कुतूहल खरोखर पेटतं तेव्हा या चारही गोष्टी एका ठरावीक लयीत हलतात. ते सोंग घेऊन जमत नाही. मग ही मुलं मोठी झाली, कुणी काय निवडलं ते कळलं, आणि संगणकानं मागे जाऊन शोधलं की जी विज्ञानाकडे गेली त्यांच्या आयुष्यात असं काय घडलं होतं, जे बाकीच्यांच्या आयुष्यात घडलं नव्हतं.

उत्तर फारच साधं निघालं. मुलानं मनापासून एक प्रश्न विचारला होता, आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास होता अशा मोठ्या माणसानं म्हटलं होतं, "मला माहीत नाही." आणि तेवढं म्हणून तो निघून गेला नव्हता, त्या प्रश्नापाशी मुलाबरोबर काही दिवस थांबला होता. मयूरनं त्याला नाव दिलं 'खुला क्षण'. पंधराव्या वर्षाच्या आत असे तीन क्षण आले की दहातली सात मुलं विज्ञान घेतात. गुण, पैसा, प्रयोगशाळा यांचं वजन त्यापुढे कमी भरलं.

मग पुढचं पाऊल सोपं होतं. सोबतीला सगळी उत्तरं ठाऊक होती. पण पट्ट्यावरून मुलाची नाडी ओळखून, अचूक वेळी, थोडं अडखळत तो म्हणायला लागला, "हं… हे मलाही माहीत नाही गं. तू बघून सांगशील?" चार वर्षांत विज्ञान शाखेचे प्रवेश दुप्पट झाले.

योजना रिसोडला आली तेव्हा मयूर स्वतः आला होता. सगळ्या शिक्षकांसमोर तो बाईंच्या पाया पडला.

"मॅडम, नववीत मी तुम्हाला विचारलं होतं. नळाचा थेंब बादलीत पडतो तेव्हा 'टुप्' असा आवाज येतो, तो नेमका कशाचा? तुम्ही म्हणालात, माहीत नाही. मग आठ दिवस आपण बादली घेऊन बसलो होतो. तो माझा खुला क्षण. हे सगळं तिथून सुरू झालंय."

बाईंना तो दिवस लख्ख आठवत होता. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि पोराला तसं सांगताना त्यांचे कान लाजेनं तापले होते.

त्याच दिवशी शिक्षकांनी एका कागदावर सह्या केल्या. त्याला म्हणायचे 'उत्तर-संयम'. सोबतीनं जो प्रश्न मुलासमोर उघडा ठेवला असेल, त्याचं उत्तर शिक्षकानं द्यायचं नाही. अवेळी दिलेल्या उत्तरानं खुला क्षण मिटतो, हेही आकड्यांनी सिद्ध झालं होतं. बाईंनी सही केली. आपलाच विद्यार्थी, आपलीच बादली. नाही कसं म्हणणार?

पूर्वा सरकटे दहावीच्या जुलैत प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. गिरणीवाल्या सरकट्यांची मुलगी. केसांच्या मुळाशी कायम पिठाची पांढुरकी झाक.

"मॅडम, ती जुनी लोखंडी पेटी मले वापरू द्याल का? उजेड न शिरणारी जागा पाहिजे."

"कशाला गं?"

"चिंचेची पानं सांजेले मिटतात ना? उजेड गेला म्हणून मिटतात, की त्यायले आपलं आपण कळते? सोबती म्हणते, त्याले बी माहीत नाही."

बाईंच्या तोंडावर उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि पेटीची किल्ली दिली.

पुढचे सहा महिने रोज सकाळी सातला, शाळा भरायच्या आधी, त्या दोघी प्रयोगशाळेत असायच्या. पूर्वानं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत चिंचोके लावले. वीतभर रोपं झाली की चार दिवस पेटीत, मग पुन्हा उन्हात, कारण त्याहून जास्त अंधारात ती पिवळी पडायची. पेटी उघडताना खोलीच्या खिडक्या बंद करायच्या आणि टॉर्चला हिरवा जिलेटिन कागद लावायचा. हिरव्या उजेडाची रोपांना फारशी जाणीव होत नाही, हे पोरीनं चार वेळा चुकून शिकून घेतलं होतं. बाई टॉर्च धरायच्या, पूर्वा पानांचा कोन मोजायची. मधल्या वेळात ती गिरणीच्या पट्ट्याबद्दल, वडिलांच्या खोकल्याबद्दल, वाशीमच्या आत्याबद्दल बोलत राहायची. कधी डब्यातली अर्धी भाकरी बाईंपुढे करायची.

कितीतरी दिवसांनी बाईंना सकाळी लवकर जाग येऊ लागली. साडी नेसताना त्या आरशात बघू लागल्या.

फक्त एक वाक्य आलं की त्या नजर पेटीकडे वळवायच्या. "मॅडम, तुम्हाले काय वाटते?"

"सोबतीलाच विचार तू."

"ते म्हणते, माहीत नाही."

"मग बघत राहा."

डिसेंबरात एका सकाळी पेटीचं झाकण उघडलं तर तीन दिवस उजेडाचा कणही न पाहिलेली सातही रोपं पानं उघडून बसली होती. बाहेर नुकताच सूर्य वर आला होता. पूर्वानं श्वास रोखला. मग तिनं बाईंचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"यायच्या आत घड्याळ हाय मॅडम! आत! उजेडाचं काही कामच नाही!"

तिच्या कानातून सोबतीचा बारीक आवाज बाईंनाही ऐकू आला. "पूर्वा, हे विलक्षण आहे. असं काही मी कधीच ऐकलेलं नाही."

जानेवारीत नागपूरला राज्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. पूर्वानं तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'वनस्पतींच्या आतल्या घड्याळाचा शोध'. खाली एक ओळ होती. 'ही गोष्ट आजवर जगात कोणालाही माहीत नव्हती.' शाई वाळावी म्हणून ती त्या ओळीवर फुंकर घालत होती.

त्या संध्याकाळी बाईंनी मयूरला फोन लावला.

"मयूर, ही गोष्ट तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका माणसानं लाजाळूचं रोप अंधारात ठेवून पाहिली होती. पोरगी तिथं सगळ्यांसमोर उभी राहणार, आणि कुणीतरी हसेल तिला."

"कुणी हसणार नाही, मॅडम. सगळे परीक्षक आपलेच आहेत. त्यांना सूचना आहेत."

"आणि तिला खरं कधी कळणार?"

"पदवीच्या दुसऱ्या वर्षात, साधारण. पण तोवर ती आत आलेली असते. तेव्हा कळलं म्हणून कुणी सोडून जात नाही, आकडे आहेत माझ्याकडे. थोडे दिवस वाईट वाटतं, मग हसतात."

"तुला मी म्हटलं होतं माहीत नाही, ते खरं होतं रे."

"मला ते तेव्हा कुठे ठाऊक होतं, मॅडम? मी नुसता विश्वास ठेवला होता. परिणाम त्याचाच झाला."

बाईंनी फोन ठेवला. तो चूक आहे असं त्यांना ठामपणे म्हणता येईना. सरकट्यांच्या घरातून आजवर कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. गप्प राहिलं तर ही पोरगी शास्त्रज्ञ होईल. शिवाय निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती, आणि सकाळी सातची ती प्रयोगशाळा, ती अर्धी भाकरी सोडवत नव्हती. यातलं नेमकं कोणतं कारण आपल्याला गप्प बसवतंय, हे त्या स्वतःला विचारत राहिल्या. शेवटचं कारण पुन्हा पुन्हा वर आलं, तेव्हा त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ग्रंथालयातून वनस्पतिशास्त्राचं एक जाडजूड, पिवळं पडलेलं पुस्तक आणलं आणि पूर्वासमोर उघडलं. "आधी हे वाच, बाळा."

तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. आकृतीही होती, कपाट, रोप, मिटलेली पानं, उघडलेली पानं. तिनं ते पान दोनदा वाचलं.

"सोबतीले हे माहीत होतं?"

"हो."

"अन् तुम्हाले?"

बाईंनी मान डोलावली.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

पूर्वा रडली नाही. कानातला मणी काढून तिनं टेबलावर ठेवला. "रोज सकाळी बसत होत्या तुम्ही माह्यासंग. रोज. टॉर्च धरून."

"तू जे केलंस ते खोटं नाही, पूर्वा. तू ते स्वतः शोधलंस. त्या माणसाइतकंच—"

"त्याले कोणी फसवलं नव्हतं."

पूर्वानं वही उचलली, फाडायला धरली, आणि तिचं बोट एका पानाशी अडलं. कोरड्या आवाजात तिनं विचारलं, "मग हे बी सांगून टाका. अंधारात प्रत्येक रोपाची वेळ थोडी थोडी सरकते. कोणाची अर्धा तास, कोणाची दोन तास. पण एका डब्यात दोन रोपं असली की ती दोघं संगंच सरकतात. तीनदा पाहिलं मी. ते का?"

बाईंनी वही जवळ ओढली. आकडे पाहिले, मागची पानं उलटली. असं काही त्यांनी कधी वाचलं नव्हतं. पाठीच्या कण्यातून एक शिरशिरी गेली; वीस वर्षांत अशी आली नव्हती.

"पूर्वा, हे मला माहीत नाही."

पूर्वानं त्यांच्याकडे पाहिलं. ती हसली, आणि ते हसू बाईंना पुढे बरेच दिवस दिसत राहिलं.

"आता पुन्हा?" ती म्हणाली. वही तिथंच टाकून ती निघून गेली.

नागपूरला ती गेली नाही. मणी तिनं पुन्हा कानात घातला नाही. जूनमध्ये निकाल लागला, विज्ञानात अठ्ठ्याण्णव गुण होते, आणि तिनं वाशीमला आत्याकडे राहून वाणिज्य शाखेत नाव घातलं. सरकटे एकदा रस्त्यात भेटले. "पोरगी हुशार हाय मॅडम, पण काय बिनसलं तिचं? इचारलं तर सांगत नाही." बाईंना त्यांच्याकडे पाहवलं नाही.

उत्तर-संयम मोडल्याची नोंद टेबलावरच्या त्या मण्यातून झालीच होती. बाईंकडून विज्ञानाचे तास काढून घेतले आणि त्यांना ग्रंथालयात बसवलं. जुलैत दोन माणसं यादी घेऊन आली. सोबतीनं मुलांसमोर जे प्रश्न उघडे ठेवलेत, त्यांची उत्तरं असलेली पुस्तकं त्यांनी कपाटांतून काढली, खोक्यांत भरली आणि बाईंची सही घेतली. तीन कपाटं रिकामी झाली. त्यांत ते वनस्पतिशास्त्राचंही गेलं.

मयूरचा फोन आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुम्हाला दोष देत नाही मी. पण एक मुलगी गेली. ती थांबली असती."

"मयूर, तिचा तो दुसरा प्रश्न. डब्यातल्या जोडीचा. सोबतीला विचारून बघ ना."

"विचारला. तो म्हणतो, माहीत नाही."

"खोटं की खरं?"

"आतल्या नोंदी तपासल्या मी. खरं. कुठंच काही सापडत नाही यावर. पण ऐकणाऱ्याला ते सारखंच वाटणार, मॅडम. आम्ही तेच तर साधलंय."

बाईंनी तो प्रश्न घरी आणला. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीखाली जुनी पत्र्याची ट्रंक रिकामी केली, श्रीखंडाचे डबे जमवले, चिंचोके रुजवले. सकाळ संध्याकाळ हिरवा टॉर्च दातांत धरून त्या कोन मोजायच्या, कारण दोन्ही हात कोनमापकाला लागायचे. पूर्वाच्याच वहीत पुढच्या पानांवर नोंदी सुरू झाल्या. कधी जोडी एकत्र सरकायची, कधी नाही. ऑगस्टमध्ये बुरशीनं सगळी रोपं खाल्ली. सप्टेंबरात त्यांना वाटलं कारण हवेतून जाणाऱ्या कसल्याशा वासात आहे. महिनाभर त्यामागे लागल्यावर तेही चुकीचं निघालं. 'आज काही कळलं नाही,' असं त्या लिहायच्या. एका आठवड्यात ते वाक्य सहा वेळा आलं. कुणाला सांगावं असं वाटायचं, पण सांगण्यासारखं माणूस वाशीमला होतं, आणि ते फोन उचलत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत पूर्वा घरी आल्याचं कळलं. बाई वही घेऊन गिरणीवर गेल्या.

गिरणी चालू होती. पूर्वा गिरणीच्या तोंडात ज्वारी ओतत होती. तिनं बाईंना पाहिलं आणि वडिलांना हाक मारून बाजूला आली. "या मॅडम." आवाजात राग नव्हता. परक्या माणसाशी बोलावं तसं ती बोलत होती.

बाईंनी वही पुढे केली. "वाच एवढं."

पूर्वानं कपाळाला आठी घालून वही उघडली. आपल्या अक्षराची पानं तिनं झरझर उलटली. मग बाईंचं अक्षर आलं. ती सावकाश झाली. खाडाखोड, पाण्याचे डाग, चुकलेल्या बेरजा, 'बुरशी', 'पुन्हा पहिल्यापासून', 'आज काही कळलं नाही'. चार महिने. दळण घेऊन गेलेल्या बाया परत आल्या तरी ती वाचतच होती.

"हे तुम्हाले खरंच माहीत नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही गं."

"अजून बी?"

"अजूनही."

तिनं वही मिटून बाईंना परत दिली आणि पिठाचा हात ओढणीला पुसला. "मी बी.कॉम. करणार मॅडम. हिशेब जमतात मले. ते काही आता बदलणार नाही."

"नको बदलूस."

"मग हे दाखवाले कशाला आल्या?"

"त्या दिवशी तुला वाटलं, मी पुन्हा खोटं बोलले. तेवढ्यासाठी."

आतून सरकट्यांनी हाक मारली. पट्टा सुटला होता. ती धावत गेली. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग चप्पल घालून त्या पायऱ्या उतरल्या.

"मॅडम!"

पूर्वा दारात आली होती. गिरणी पुन्हा सुरू झाली होती, त्यामुळे तिला ओरडावं लागत होतं. "मुळं येगळी करून पाह्यली का?"

"कशी करणार? डबा एकच हवा ना!"

"मंधात पत्रा घाला, बुडापर्यंत! माती येगळी, हवा एकच! मंग कळन, मुळातून बोलतात का वरतून!"

बाईंना हे सुचलं नव्हतं. चार महिन्यांत एकदाही नाही. त्या काही म्हणायच्या आत पूर्वा आत वळली होती.

बाजारात पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून त्यांनी वीतभर पत्र्याचा तुकडा आणला. तो डब्यापेक्षा दोन बोटं मोठा निघाला. कापताना दुसऱ्या बाजूनं धरायला कुणी नव्हतं, म्हणून पत्र्याची एक कड पायाखाली दाबून त्यांनी कात्री चालवली. अंगठ्याला जरा लागलं. पत्रा मधोमध बुडापर्यंत बसवून, फटी मेणानं बुजवून, त्यांनी दोन्ही बाजूंना माती भरली आणि एकेक चिंचोका दाबला. चिंचोका रुजायला पंधरा दिवस लागतात. त्यांनी वहीत तारीख घातली, पाणी शिंपडलं आणि डबा खिडकीत उन्हाला ठेवला.